उंदीर पडले की गाव सोडायचे: प्लेगचा जंतू सापडल्यानंतरची दहा वर्षे

दौत

माणूस आणि जिवाणू यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा सूक्ष्मदर्शकापाशी येऊन थांबतो. जंतू दिसला, त्याला नाव मिळाले, मग लस किंवा औषध निघाले आणि रोग मागे हटला, अशा सरळ रेषेत ती कथा लिहिली जाते. मुंबईत १८९६ मध्ये आलेल्या प्लेगची हकिगत या रेषेत बसत नाही आणि त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

अलेक्झांडर येर्सिन यांनी जून १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगने मेलेल्या माणसांच्या गाठींमधून हा जंतू वेगळा केला. त्याच सुमारास जपानचे कितासातो हेही तेथे त्याच शोधात होते. येर्सिन यांना तोच जंतू मेलेल्या उंदरांमध्येही सापडला आणि रोगाच्या प्रसाराशी उंदरांचा संबंध आहे, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप ओळखला तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफडे गावचे; धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आजही उभा आहे. याचा अर्थ असा की मुंबईत साथ आली त्या दिवशी जंतू माहीत होता, उंदरांवर संशय होता आणि रोगाचे निदानही वेळेत झाले होते.

असे असूनही पुढची जवळजवळ दहा वर्षे सरकार लढत राहिले ते भिंतींशी, गटारांशी आणि माणसांशी. गटारांमधून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडण्यात आले. घरांत ऊन यावे म्हणून कौले उतरवली गेली, भिंतींवर चुन्याचे हात फिरले, सामान जाळले गेले आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू एच एच’ (‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन’) ही अक्षरे रंगवण्यात आली. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखा आणि जांघा चाचपल्या जात होत्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि आजारी माणसाला इस्पितळात व त्याच्या घरच्यांना छावणीत नेण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात घरोघरी झडती घेण्यासाठी गोरे सोजीर आणले गेले. त्यानंतर २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

माझे म्हणणे असे आहे की जंतू सापडल्यामुळे सरकारचा आत्मविश्वास वाढला, पण तो जंतू जातो कुठून आणि येतो कुठून हे त्याला कळले नव्हते. याउलट देशावरच्या खेड्यांत एक साधा नियम लवकरच रूढ झाला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि गावाबाहेर माळावर किंवा शेतात झोपडी बांधून राहायचे. जंतूचे नावही ठाऊक नसलेल्या लोकांनी रोगाचा नेमका धागा पकडला होता आणि प्रयोगशाळा असलेल्या सरकारच्या हातून तो निसटला होता. याविषयी आपणा सर्वांना काय वाटते?

शंकासुर

लेखन आवडले, मात्र सरकारची बाजू इतक्या सहजपणे निकालात काढता येईल, असे मला वाटत नाही. ही उपाययोजना केवळ घाणीविषयीच्या जुन्या कल्पनांतून आली नव्हती. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती आणि मुंबईहून निघणारी जहाजे युरोपीय बंदरांत घ्यायची की नाहीत, हा प्रश्न तेथे ऐरणीवर होता. कापूस आणि धान्य यांचा व्यापार थांबला असता तर मुंबईचेच नव्हे, तर साम्राज्याचे कंबरडे मोडले असते. आपण काहीतरी ठोस करत आहोत, हे सरकारला युरोपला दाखवायचे होते, आणि झडती, छावणी व चुना या गोष्टी डोळ्यांना दिसतात.

दुसरे असे की गाव सोडणे हा उपाय खेड्यात शक्य होता. मांडवीच्या एका खोलीत दहा माणसे राहत असतील, तर त्यांनी कोणत्या माळावर जायचे? मुंबईकर पळाले ते आगगाडीने आणि आगबोटीने, आणि जाताना साथ बरोबर घेऊन गेले. पुणे, कराची आणि मग सबंध देश हा क्रम त्यातूनच लागला. त्यामुळे लोकांच्या शहाणपणाचे कौतुक करताना त्याची ही दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे.

काळी माती

शंकासुर यांचा दुसरा मुद्दा निम्मा मान्य आहे. पळून जाणे आणि माळावर राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पळणारा माणूस बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या घरात शिरतो. त्याच्या धान्याच्या पोत्यांतून आणि वळकट्यांतून पिसवा जातात आणि नव्या घरातल्या उंदरांना धरतात. माळावरच्या झोपडीत आढ्याला कौले नसतात, भिंतीत बिळे नसतात आणि मुख्य म्हणजे वर्षाचे धान्य नसते, म्हणून तेथे उंदीर मुक्कामाला येत नाही.

आमच्या घरी जुन्या लोकांकडून ऐकलेली गोष्ट अशी की सुगीपर्यंत माळावर राहायचे, रोजच्यापुरते पीठ आणायला कर्त्या माणसाने दिवसाउजेडी गावात जायचे आणि परतल्यावर अंगावरचे कपडे उन्हात टाकायचे. उंदीर मेलेल्या घरात पोरांना पाऊल टाकू देत नसत. पणजीच्या पिढीला वर्षे आकड्यांत ठाऊक नव्हती. ‘पहिल्या पलेगात’ आणि ‘दुसऱ्या पलेगात’ अशीच जन्ममृत्यूंची मोजदाद चाले. पुष्कळ जण मानमोडीची साथही याच हिशेबात धरतात, पण ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होती आणि तिचे कारण जिवाणू नसून विषाणू होता.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्यांच्याकडे शेत नव्हते त्यांना माळही नव्हता. गावकुसाबाहेर आधीच राहणाऱ्या वस्त्यांचे काय झाले, हे या आठवणींमध्ये फारसे येत नाही. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना चालवला तो अशाच लोकांसाठी. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी छावणी आणि गावचा माळ या दोहोंच्या बाहेर राहिलेल्यांसाठी उभा राहिलेला तो दवाखाना होता, म्हणून या चर्चेत त्याचा उल्लेख मला आवश्यक वाटतो.

परळकर

धाग्यात अजून हाफकिन यांचे नाव आले नाही याचे आश्चर्य वाटले. प्रयोगशाळेच्या हातून धागा निसटला हे विधान त्यांच्या बाबतीत अन्यायाचे आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती टोचत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि पडवी मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन पट्टेवाले. तेथे त्यांनी बोकडाच्या मांसाचे सार करून त्यात हा जंतू वाढवला. सर्वांत विलक्षण भाग असा की सारावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे त्यांचे पांढरट धागे द्रवात लोंबू लागत. दर काही दिवसांनी बाटली हलवायची, म्हणजे ते सुळके तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे धरू लागत. काही आठवड्यांनी सगळा द्रव तापवून जंतू मारले जात आणि कार्बोलिक घालून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेल्या कैद्यांमध्ये लागण आणि मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले.

पुढे आगाखान तिसरे यांनी त्यांना जागा दिली आणि खोजा समाजात टोचणीचा प्रसार केला. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. त्याच संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

या माणसाला मिळालेली वागणूकही येथे सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढलेले असते तर ती उघडताच दुर्गंधी आली असती आणि तशी ती आली नव्हती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी हे जाहीरपणे मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण मधली चार-पाच वर्षे गेली ती गेलीच. प्लेगच्या लसीसाठी धनुर्वाताच्या जंतूने माणसाला शिक्षा करावी, हा या इतिहासातला मोठा विचित्र योग आहे.

पेट्रीची बशी

जीवशास्त्राच्या अंगाने थोडी भर घालतो. या चर्चेत आपण ‘माणूस आणि जिवाणू यांचे नाते’ असे म्हणत आहोत, पण या जंतूचे नाते मुळात उंदीरवर्गीय प्राणी आणि त्यांच्या अंगावरची पिसू यांच्याशी आहे. गाठीच्या प्लेगमध्ये माणूस हा बहुतेक वेळा त्याच्या प्रवासाचा शेवट असतो.

आजच्या येर्सिनिया पेस्टिसचा, म्हणजे प्लेगच्या जंतूचा, पूर्वज पोट बिघडवणारा एक बराच सौम्य जिवाणू होता. प्राचीन हाडांमधून व दातांमधून काढलेल्या डीएनएवरून असे दिसते की सुमारे ५,००० वर्षांपूर्वी माणसाला प्लेग होत होता, परंतु त्या काळच्या जंतूंना पिसूच्या पोटात नीट टिकता येत नव्हते. त्यासाठी लागणारे जनुक त्यांना नंतर मिळाले. ते मिळाल्यावर हा जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी गोळा होऊन बोळा बसल्यासारखा मार्ग बंद करू लागला. १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी हे प्रत्यक्ष पाहून नोंदवले. अशी पिसू उपाशी राहते, म्हणून वेड्यासारखी चावत सुटते. ओढलेले रक्त आत जात नाही आणि जंतू घेऊन पुन्हा जखमेत उलटते.

त्यात आणखी एक क्रूर हिशेब आहे. पिसू एका वेळी रक्ताचा अगदी सूक्ष्म थेंब पिते. तेवढ्या थेंबात पुरेसे जंतू जायचे असतील, तर उंदराच्या रक्तात त्यांची संख्या अफाट व्हावी लागते आणि तेवढी संख्या झाली की उंदीर मरतो. म्हणजे प्लेगची मारकता हा अपघात नाही, तर पिसूमार्गे प्रवास करण्याची ती किंमत आहे. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा ते सोडून जवळचे कोणतेही ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीर पडल्यानंतर माणसे आजारी पडतात ती यामुळे. काळी माती यांच्या घरी पोरांना त्या खोलीत जाऊ देत नसत, यामागचे कारण हेच.

मात्र एक सावधगिरी हवी. फुप्फुसाचा प्लेग झाला, तर तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे थेट जातो. १९१०-११ च्या मांचुरियातील साथीत डॉ. वू ल्येन-तेह यांनी जाळीच्या कापडाचे मुखपट्टे वापरले ते याचसाठी. तेथे उंदीर पडण्याची वाट पाहणारा गेलाच असता.

दौत

सर्वांचे आभार. परळकर, हाफकिन यांच्याविषयीचा आक्षेप स्वीकारतो. माझा रोख प्रयोगशाळेपेक्षा झडत्या आणि छावण्या राबवणाऱ्या सरकारी प्लेग कमिटीवर अधिक होता. शंकासुर, व्यापाराचा मुद्दा अगदी योग्य आहे, पण त्याने माझे म्हणणे उलट बळकटच होते. उपाय रोगाकडे पाहून ठरले नाहीत, तर पाहणाऱ्यांकडे पाहून ठरले.

पिसूचा शोध किती जवळ येऊन किती काळ बाहेर ताटकळत राहिला, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमों मुंबईत काम करून कराचीला गेले होते. काही रुग्णांच्या पायावर एक बारीकशी फोडी असते आणि तिच्यात प्लेगचा जंतू सापडतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. ती फोडी पिसू चावल्याची असावी, असा त्यांचा तर्क होता. २ जून १८९८ रोजी त्यांनी कराचीतील एका हॉटेलात राहून प्रयोग केला. तळाशी वाळू घातलेल्या मोठ्या काचेच्या बरणीत प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि तो मरणार असे दिसल्यावर जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर वरून असा टांगला की दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेले निरोगी उंदीर मात्र जगले. इतका स्वच्छ प्रयोग होता, तरीही बहुतेक तज्ज्ञांनी तो उडवून लावला.

त्यानंतर डॉ. ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतच पुन्हा तोच माग काढला. उंदीर पडल्यामुळे रहिवाशांनी सोडलेल्या एका चाळीत त्यांनी गिनीपिग सोडले. एरवी गिनीपिगच्या अंगावर क्वचितच सापडणाऱ्या उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर भरून आल्या. चाळीतल्या माणसांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांमध्येही उंदरांच्या पिसवा निघाल्या. येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ही चाळ प्रयोगाला रिकामी मिळाली तीच मुळी रहिवाशांनी उंदीर पाहून ती सोडली म्हणून.

मग १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला ठाण मांडले. त्यांनी आवारात लहान खोल्या बांधल्या आणि त्यांची छपरे मुद्दाम वेगवेगळी ठेवली. काहींवर देशी कौले, काहींवर मंगळुरी कौले आणि काहींवर पन्हाळी पत्रा होता. देशी कौलांत उंदीर सुखाने घरे करतात, पत्र्यावर त्यांना थारा मिळत नाही. कौलांतून पिसवा खाली पडत त्या खोल्यांतील गिनीपिग प्लेगने मेले. पिसवा येऊ न दिलेल्या खोल्यांत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र खाऊन-झोपूनही रोग पसरला नाही. म्हणजे घाण, दमट जमीन, एकाच ताटातले खाणे, या सगळ्या संशयितांची एका फटक्यात सुटका झाली. आयोगाने शहरातील लाखाहून अधिक उंदीर तपासले आणि क्रमही शोधून काढला. साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत येते, साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. कार्बोलिकच्या फवाऱ्याने उंदीर मरत नव्हते, तर शेजारच्या घरात पळत होते. छापा घातलेल्या गल्लीच्या पलीकडची गल्ली आजारी का पडते, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो.

मांडवीलाच सुरुवात का झाली, तेही मग सरळ होते. बंदर जवळ, धान्याच्या वखारी शेजारी आणि वखारींवरच माणसांच्या खोल्या. या उंदीरपिसूच्या अळ्या धान्याचा भुसा आणि कचरा यांवर पोसतात.

तापीकाठ

धान्याचा उल्लेख आला म्हणून १९९४ ची आठवण करून देतो. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात पुष्कळ लोकांनी भीतीने घरे सोडून बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यात मुक्काम केला होता आणि घरांत धान्य तसेच होते. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा सुळसुळाट आणि गाठीचा ताप यांच्या बातम्या आल्या. माळावर राहण्याचा जुना उपाय येथे नेमका उलटा पडला, असे मला वाटते, कारण या वेळी माणसे बाहेर होती ती भूकंपामुळे, आणि घरे कित्येक महिने उंदरांच्या ताब्यात होती.

पुढच्याच महिन्यात आमच्या सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. सुरतेत खानदेशातून आलेली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात. नंदुरबार, धुळे, जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल आणि ज्याला मिळाल्या त्याच्या खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वीच्या मुंबईत आणि या सुरतेत फरक होता तो त्या कॅप्सूलचा. पळालेल्यांबरोबर रोग गावोगाव पसरला नाही. प्रतिजैविके हाताशी होती, हे त्याचे एक मोठे कारण असणार. पेट्रीची बशी यांनी सांगितल्याप्रमाणे फुप्फुसाच्या प्लेगमध्ये उंदरांकडे पाहून काही कळत नाही, त्यामुळे लोकांना घाबरट म्हणणे मला पटत नाही.

शंकासुर

चर्चा उत्तम झाली. एकच प्रश्न उरतो. या साथीने देशभरात सुमारे सव्वा कोटी माणसे मेली असे मानले जाते. प्लेगवर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, त्याचा शोध १९४३ चा, आणि मुंबईतला प्लेग तर त्याच्या कितीतरी आधीच ओसरला होता. हे श्रेय कोणाचे? टोचणीचे, शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पाडलेल्या गल्ल्यांचे, की सापळ्यांचे?

पेट्रीची बशी

थोडेथोडे सर्वांचे असेल, पण एक दावेदार आपल्या यादीत नाही. आयोगाच्या पुढच्या काळातील कामात वेगवेगळ्या शहरांतले उंदीर पकडून त्यांना प्लेगचा जंतू सारख्या मात्रेत टोचण्यात आला. ज्या मद्रासला प्लेगचा फारसा उपद्रव झाला नव्हता तेथील उंदीर मोठ्या प्रमाणात मेले. मुंबईचे उंदीर मात्र बऱ्याच संख्येने वाचले. वर्षानुवर्षांच्या साथींमध्ये नाजूक उंदीर मरून गेले होते आणि प्रतिकार करू शकणाऱ्यांची पिलावळ मागे उरली होती. उंदीर मरेनासे झाले की पिसवांना माणसाकडे येण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे मुंबईतून प्लेग हटवण्याच्या श्रेयात मी तरी हाफकिन यांच्या शेजारी मांडवीच्या वखारीतल्या उंदराला बसवीन.